वहीतला उजवा रकाना

पत्र : माझा भाचा सोळा वर्षांचा असून अकरावीत शिकतो आणि आपल्या उच्च माध्यमिक विद्यालयाच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन संघाचा खेळ रचणारा, म्हणून खेळतो. उंची ५ फूट ८ इंच. गेली दोन वर्षे मी त्याच्यासाठी एक वही ठेवली आहे. डाव्या रकान्यात त्याचे प्रत्येक सामन्यातील गुण आणि असिस्ट (ज्यावर सोबत्याने बास्केट केली असे पास) लिहितो, उजव्या रकान्यात मॅजिक जॉन्सन, जॉन स्टॉकटन आणि स्टीफन करी या एनबीएतील, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधील, पॉइंट गार्डांच्या सर्वोत्तम हंगामांचे आकडे. सुरुवातीला त्याला यातून हुरूप आला. आता मात्र सामना संपला की तो घामही न पुसता माझ्याकडे येऊन ‘मामा, किती झाले?’ असे विचारतो. गेल्या तीन सामन्यांत मोकळ्या सोबत्याला पास न देता त्याने लांबूनच बास्केट मारण्याचा हट्ट धरला आणि त्यातले दोन सामने आम्ही हरलो. माझी बहीण म्हणते, वही जाळून टाक. प्रशिक्षक म्हणतात, मुलात गुण आहेत, पण तो आता ऐकत नाही. चेंडू खेळात येण्याआधीच कोणी कुठे उभे राहायचे हे तो सोबत्यांना हाताने दाखवतो, ही त्याची सवय आठवीपासूनची आहे. म्हणून त्याच्यात काही वेगळे आहे असे मला वाटते. मोठ्या खेळाडूंशी त्याची तुलना करणे चूक आहे का? तो त्या वाटेवर आहे की नाही, हे ओळखायचे कसे? वहीचे एक पान सोबत जोडले आहे. — एक मामा, फोंडा

सप्रेम नमस्कार.

वही जाळू नका. आपल्या बहिणीचा राग मला समजतो, कारण मुलगा घरी येतो तेव्हा त्याचा उतरलेला चेहरा तिला पाहावा लागतो. परंतु एखाद्या मुलाच्या खेळाकडे दोन वर्षे इतक्या निष्ठेने पाहणारा माणूस त्याला लाभला आहे, ही गोष्ट लहान नाही. आपण पाठवलेले पान मी दोनदा वाचले. डाव्या रकान्याविषयी मी पुढे लिहीनच, पण आधी उजव्या रकान्याकडे पाहू, कारण घोटाळा तिथून सुरू झाला आहे.

मॅजिक जॉन्सनच्या नावापुढे आपण २३.९ गुण आणि १२.२ असिस्ट ही सरासरी लिहिली आहे. ती १९८६-८७ च्या हंगामातील आहे. त्या वेळी तो २७ वर्षांचा होता, एनबीएमधील त्याचा तो आठवा हंगाम होता आणि तीन अजिंक्यपदे त्याच्या गाठीशी होती. स्टॉकटनपुढे लिहिलेली १४.५ असिस्टची सरासरी १९८९-९० ची, म्हणजे त्याच्या सहाव्या हंगामाची. करीचे ४०२ तीन गुणांचे बास्केट २०१५-१६ मधले, सातव्या हंगामातले. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाला आपण दर शनिवारी अशा माणसांशेजारी उभे केले, ज्यांनी वर्षानुवर्षे खेळून, चुकून, हरून, पुन्हा उभे राहून जे मिळवले ते त्या आकड्यांत उतरले आहे. त्या आकड्यांपर्यंतची वाट मात्र आपल्या पानावर कुठेच नाही, आणि भाच्याला उपयोगी पडेल असे जे काही आहे ते त्या वाटेवरच आहे.

ती वाट पाहिली तर पान किती वेगळे दिसेल ते पाहा. एनबीएचे संघ दरवर्षी नवे खेळाडू क्रमाने निवडतात; त्यात स्टॉकटनची निवड १९८४ साली १६व्या क्रमांकावर झाली. पहिल्या हंगामात तो बहुतेक सामने राखीव खेळाडू म्हणून उतरला आणि त्याची सरासरी होती ५.६ गुण व ५.१ असिस्ट. संघात कायमचे स्थान त्याला १९८७-८८ मध्ये, चौथ्या हंगामात मिळाले आणि त्याच वर्षी त्याने १,१२८ असिस्ट करून एका हंगामाचा विक्रम केला. फिनिक्सच्या संघाने १९९६ साली स्टीव्ह नॅश या पॉइंट गार्डची निवड केली तेव्हा तिथल्याच प्रेक्षकांनी नापसंतीचा गलका केला होता. पहिल्या हंगामात त्याची सरासरी ३.३ गुण एवढीच होती. त्याच नॅशला २००५ आणि २००६ मध्ये सलग दोनदा सर्वात मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार मिळाला, पण पहिल्या पुरस्काराच्या वेळी तो ३१ वर्षांचा झाला होता. करीचा घोटा इतक्यांदा दुखावला की २०११-१२ च्या ६६ सामन्यांच्या हंगामात तो केवळ २६ सामने खेळू शकला. या तिघांच्या मामांनी त्या त्या वर्षी वही ठेवली असती, तर उजव्या रकान्यातील थोरांशेजारी त्यांचा डावा रकाना किती केविलवाणा दिसला असता, याचा विचार करा.

याची दुसरी बाजू अधिक कठोर आहे आणि ती मी आपल्यापासून लपवणार नाही. ज्यांचे आकडे कोवळ्या वयातच थोरांशी जुळले, तेही सगळे थोर झाले नाहीत. टायरिक इव्हान्सने २००९-१० या आपल्या पहिल्याच हंगामात २०.१ गुण, ५.३ रिबाउंड (फटका चुकल्यावर पकडलेले चेंडू) आणि ५.८ असिस्ट अशी सरासरी राखली. पहिल्याच हंगामात २० गुण, ५ रिबाउंड आणि ५ असिस्ट गाठणारे त्याच्या आधी तिघेच होते: ऑस्कर रॉबर्टसन, मायकेल जॉर्डन आणि लेब्रॉन जेम्स. त्या वर्षीचा नवोदित खेळाडूचा पुरस्कार अर्थातच इव्हान्सला मिळाला, आणि त्या मतदानात दुसऱ्या क्रमांकावर होता करी. पुढे इव्हान्सला दुखापतींनी छळले, हेही खरे. पण पहिल्या वर्षाची ती उंची त्याला पुन्हा गाठता आली नाही. मायकेल कार्टर-विल्यम्सचे उदाहरण तर आपल्या वहीसाठी मुद्दाम सांगण्याजोगे आहे. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी आपल्या पहिल्याच सामन्यात त्याने मायामीच्या गतविजेत्या संघाविरुद्ध २२ गुण, १२ असिस्ट, ७ रिबाउंड आणि ९ स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू) केले. हंगामाच्या शेवटी १६ गुण, ६ रिबाउंड आणि ६ असिस्ट ही सरासरी ओलांडणारा नवोदित म्हणून त्याचे नाव ऑस्कर आणि मॅजिक यांच्या पंक्तीत बसले. मात्र त्याचा फिलाडेल्फियाचा संघ त्या वर्षी लीगमध्ये सर्वात वेगाने खेळत होता, त्यामुळे प्रत्येक सामन्यात हल्ल्यांची संख्याच जास्त होती. शिवाय तो इतका दुबळा होता की त्या हंगामात सलग २६ सामने हरला. वेगवान, दुबळ्या संघात ज्याच्या हाती सतत चेंडू असतो त्याचे आकडे फुगतात. दरम्यान कार्टर-विल्यम्सचे तीन गुणांचे फटके शंभरात सत्तावीसही पडत नव्हते. पुढच्या फेब्रुवारीत संघाने त्याला दुसरीकडे पाठवले.

आता डावा रकाना. आपण फार प्रामाणिकपणे लिहिले आहे, तरीही त्यातील आकडे उजव्या रकान्याच्या मापाचे नाहीत. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो ४० मिनिटांचा. एनबीएची तीन गुणांची रेषा समोरून ७.२४ मीटरवर आहे, आपली ६.७५ मीटरवर, आणि १९७९ पूर्वी तर एनबीएमध्ये ती रेषाच नव्हती. असिस्टचा हिशेब त्याहून नाजूक आहे. आंतरराष्ट्रीय सामन्याच्या अधिकृत गुणपत्रकावर गुण, फाउल आणि टाइम-आउट लिहिले जातात, असिस्टला तिथे जागाच नसते. म्हणजे आपल्या वहीतील प्रत्येक असिस्ट हा मामाने मोजलेला आहे. मामाची नजर उदार असते, त्यात गैर काही नाही. बॉस्टनच्या बॉब कूझीने सलग आठ हंगाम लीगमध्ये सर्वाधिक असिस्ट केले, तरी त्याची सरासरी कधी दहावर गेली नाही, कारण त्या काळी असिस्ट देताना हात फार आखडता असे. आज एखाद्या मध्यम दर्जाच्या पॉइंट गार्डची सरासरी कूझीएवढी भरली, म्हणून तो कूझीएवढा ठरत नाही.

मात्र सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे, आणि भाच्याच्या खेळात जो बदल झाला त्याचे कारण मला तिथेच दिसते. असिस्ट मिळण्यासाठी पास घेणाऱ्याने बास्केट करावी लागते. भाच्याने अचूक पास दिला आणि सोबत्याचा नेम चुकला, तर आपल्या वहीत शून्य. त्याने स्वतः फटका मारला आणि तो पडला, तर दोन किंवा तीन. त्याचे सोबती शाळकरी मुले आहेत, त्यांचे नेम वारंवार चुकणारच. हुशार मुलगा हा हिशेब दोन महिन्यांत शिकतो. वहीत जे लिहिले जाते ते तो करू लागतो आणि जे लिहिले जात नाही ते सोडून देतो. त्याचा हट्ट ज्याला आपण म्हणता, तो माझ्या मते आपल्या वहीने दिलेला धडा आहे, आणि त्याने तो आज्ञाधारकपणे गिरवला आहे. हे मी आपल्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः अनेक वर्षे शाळकरी मुलींना खेळ शिकवला आहे आणि नेमकी हीच चूक केली आहे. माझ्या संघातील एका चुणचुणीत मुलीला मी सगळ्यांदेखत एका प्रख्यात खेळाडूच्या नावाने हाक मारू लागले. तिला ते आवडते असे मी समजत होते. एका उपांत्य सामन्यात तिचे पहिले चार फटके चुकले आणि त्यानंतर ती चेंडूपासून लांब लांब राहू लागली; कोणी पास द्यायला पाहिले तर पाठ फिरवून दुसऱ्या बाजूला पळत होती. त्या हाकेचे ओझे किती होते ते मला त्या दिवशी कळले. मी तिला तिच्या नावाने हाक मारायला लागले, पण पुन्हा पहिल्यासारखी निर्धास्तपणे खेळायला तिला जवळजवळ एक वर्ष लागले.

आता आपल्या पत्रातील त्या एका वाक्याकडे येते, जे आपण जाता जाता लिहिले आहे. चेंडू खेळात येण्याआधी भाचा सोबत्यांना जागा दाखवतो, आणि तेही आठवीपासून. आपल्या अख्ख्या पानावरील सर्व आकड्यांपेक्षा मला हे वाक्य मोलाचे वाटले. पॉइंट गार्डचे काम काय, हे गोव्यातील माणसाला समजावण्यासाठी मला चवथीच्या आरतीइतके चांगले उदाहरण सुचत नाही. घुमट आणि शामेळ वाजवणारे लय धरतात तेव्हा घरातील वडीलधारी, पोरेसोरे, कासाळे वाजवणारा, सूर न सापडलेला शेजारी, सगळे त्या लयीवर चालतात. लय वाढवायची ती सगळ्यांचा श्वास जुळल्यावर. एखाद्याने उत्साहाच्या भरात आधीच वाढवली तर हात कितीही तयार असला तरी आरती फुटते. पॉइंट गार्डचेही तसेच आहे. कोणाला चेंडू डाव्या हाताशी लागतो, कोण धावत आला तरच बास्केट करतो, कोणाचे मघाशी दोन फटके चुकल्यामुळे त्याला आता एक सोपा पास हवा आहे, हे ज्याला दिसते आणि त्याप्रमाणे जो वेग कमी-जास्त करतो, तो पॉइंट गार्ड. ही दृष्टी वहीत मोजता येत नाही, आणि ज्याला ती नाही त्याला ती शिकवणे फार अवघड असते. आपल्या भाच्याला ती तेराव्या वर्षी होती. गेल्या तीन सामन्यांतही तो जागा दाखवतो का, हे आपण लिहिलेले नाही. ते पुढच्या सामन्यात अवश्य पाहा.

तेव्हा मोठ्यांशी तुलना करणे चूक आहे का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की तुलना करावी, पण एका पूर्ण माणसाशी दुसऱ्या पूर्ण माणसाची करू नये. एका वेळी एकाच कामाची करावी, आणि शक्यतो त्याच वयाची. करीचे ४०२ बास्केट काढून टाका आणि त्याजागी त्याच्या शाळेतील एक उन्हाळा लिहा. तो साधारण आपल्या भाच्याच्याच वयाचा होता. अंगकाठी लहान असल्याने तो चेंडू कमरेपासून उचलून फेकत असे आणि वरच्या दर्जाच्या संरक्षकांनी तो सहज अडवला असता. त्याचे वडील डेल करी स्वतः एनबीएमधील नेमबाज. त्यांनी मुलाची फेकण्याची पद्धत मुळापासून बदलायला लावली. जो मुलगा नेमबाजीसाठीच ओळखला जात होता, त्याला काही आठवडे बास्केटच्या अगदी जवळची जागा सोडून फटकाच मारता येईना. तो उन्हाळा फार त्रासाचा गेला असे त्या दोघांनीही सांगितले आहे. आकडे खाली येत असताना मुलगा सुधारत होता. या उदाहरणाशी भाच्याची तुलना करा आणि त्याला विचारा, की जे चांगले येते ते काही काळ बिघडू देऊन नव्याने शिकण्याची त्याची तयारी आहे का. आपल्याच नोंदींत ‘डावीकडे अडवले की चेंडू जातो’ असे चार ठिकाणी लिहिलेले आहे, म्हणजे काय नव्याने शिकायचे हे शोधायला लांब जायला नको.

मॅजिककडून घ्यायची गोष्ट मला १९८७ पेक्षा १९८४ मध्ये दिसते. १९८० साली, २० वर्षांचा असताना, संघातील जायबंदी करीम अब्दुल-जब्बारच्या जागी सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, म्हणून उतरून त्याने अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात ४२ गुण, १५ रिबाउंड आणि ७ असिस्ट केले, ही कथा भाच्याला पाठ असेलच. पण १९८४ च्या अंतिम मालिकेत बॉस्टनविरुद्ध दुसऱ्या सामन्यात बरोबरी असताना शेवटचे सेकंद त्याने नुसते ड्रिबल करण्यात, चेंडू जमिनीवर आपटत राहण्यात घालवले, फटका झालाच नाही, आणि जादा वेळेत संघ हरला. चौथ्या सामन्यात मोक्याच्या क्षणी त्याचे दोन फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे विनाअडथळा फटके) चुकले. मालिका सातव्या सामन्यात गेली आणि हातची निसटली. वर्तमानपत्रांनी त्याच्या नावावर क्रूर कोट्या केल्या. पुढच्या वर्षी त्याच बॉस्टनला हरवून त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळवले, आणि १९८८-८९ मध्ये फ्री थ्रोच्या टक्केवारीत तो लीगमध्ये पहिला होता. भाच्याने हरलेल्या दोन सामन्यांनंतर हे त्याला सांगा. उंचीबाबत मात्र मॅजिक विसरायला हवा. तो ६ फूट ९ इंच होता आणि संरक्षकांच्या डोक्यावरून त्याला जे दिसत असे ते आपल्या भाच्याला तसे दिसणार नाही. त्याने पाहावा तो ख्रिस पॉल, जो ६ फुटांचा असून एकदा चेंडू गमावण्यामागे जवळपास चार असिस्ट करत आला. ५ फूट ३ इंचांचा मग्सी बोग्स एनबीएमध्ये १४ हंगाम खेळला, हेही त्याच्या कानावर घाला. स्टॉकटनचे १५,८०६ असिस्ट वहीत लिहू नका. १९ हंगामांत त्याने फक्त २२ सामने चुकवले एवढेच लिहा.

तो त्या वाटेवर आहे का, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाला मी खोटी आशा दाखवणारे उत्तर देणार नाही. पंजाबच्या सतनाम सिंगची २०१५ मध्ये एनबीएच्या निवडीत ५२व्या क्रमांकावर वर्णी लागली, तेव्हा देशभर आनंद झाला, पण नियमित हंगामातील एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. आणि तो तर ७ फुटांहून उंच होता. सोळाव्या वर्षी कोणाच्याही बाबतीत हे भाकीत करता येत नाही, आपल्या भाच्याच्या बाबतीतही नाही. मात्र त्याच्या आवाक्यातील एक तुलना आहे आणि ती आपल्या वहीत अजून आलेलीच नाही. १८ वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत इतर राज्यांचे पॉइंट गार्ड त्याच्याच वयाचे असतात. २०२३ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा देशभरातील बास्केटबॉल संघ इथे येऊन खेळले. त्यातील एखादा गार्ड पूर्ण मैदानभर दबाव आल्यावर चेंडू पुढे कसा नेतो हे जवळून पाहणे, हे भाच्याला दहा वेळा करीचे चलचित्र पाहण्याहून उपयोगी पडले असते. अशी संधी पुन्हा आली की त्याला घेऊन जा, मग ती गोव्यात असो वा बेळगावात, आणि त्याला एकाच खेळाडूवर नजर ठेवायला सांगा.

आता वहीचे काय करायचे ते सांगते. आधी ती प्रशिक्षकांना दाखवा आणि पुढे काय मोजायचे ते त्यांना ठरवू द्या, कारण एका संघात दोन गुरू असले की मुलगा सोयीचा तेवढा ऐकतो. माझे मत विचाराल तर गुणांचा रकाना एक वर्ष बंद ठेवावा. त्याऐवजी चेंडू किती वेळा गमावला ते लिहावे, आणि मोकळ्या सोबत्याला त्याच्या सोयीच्या जागी पास किती वेळा दिला ते, पुढे बास्केट होवो वा न होवो. डाव्या हाताने पुढे गेला की टाळले, याची वेगळी खूण करावी. स्वतःच्या चुकीनंतरच्या लगेचच्या हल्ल्यात त्याने काय केले, हे शब्दांत लिहावे, आकड्यांत नको. उजव्या रकान्यात तीन महिन्यांपूर्वीचा तोच मुलगा ठेवावा. पावसाळ्यात उघड्या सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ धरते आणि सामने थांबतात. ते महिने डाव्या हातासाठी द्यावेत, घराच्या बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवरही ड्रिबलचा सराव होतो. सामना संपल्यावर ‘मामा, किती झाले?’ असे त्याने विचारले तर त्या संध्याकाळी वही उघडू नये. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या क्वार्टरमधला एखादा पास का दिला किंवा का दिला नाही, असे आपणच त्याला विचारावे आणि तो बोलेल ते ऐकावे. वहीतील मोजणी चुकली होती, हेही त्याला स्पष्ट सांगावे, म्हणजे लांबून मारलेल्या फटक्यांचा सगळा दोष तो एकटा आपल्या माथी घेणार नाही.

आपण पाठवलेले पान परत पाठवत आहे. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर मी नवे रकाने आखून दिले आहेत. पहिल्या ओळीवर मी काहीच लिहिलेले नाही. तिथे त्याने स्वतःचे नाव लिहावे.